नेक्टरिनची पानं जाड, लाल होऊन वळली आहेत. आता तांब्याचं औषध फवारू का?

अंगण_सॅनहोजे

कॅलिफोर्नियात सॅन होजेला घरामागे नेक्टरिनचं (बिनलवेच्या पीचचं) झाड आहे. जात फँटाशिया, लावून चौथं वर्ष, माती चिकण, दिवसभर ऊन. आता एप्रिलचा दुसरा आठवडा चालू आहे. नव्या पालवीतली निम्मी पानं जाडसर, सुरकुतलेली आणि फोड आल्यासारखी लाल झाली आहेत. काहींवर पांढुरकी पूड दिसते. फळं बोराएवढी असून फांदीला अगदी घोसाने लागली आहेत. गेल्या वर्षीही अशीच लागली होती, पण लिंबाच्या पुढे वाढली नाहीत. बुंध्यावर दोन जागी डिंक आला आहे. आजवर हिवाळ्यात फवारणी किंवा मोठी छाटणी केलेली नाही. तांब्याचं औषध आता मारावं का? आणि झाड वाचवायला सगळी फळं काढावीत का?

पानगळ

फवारू नका, आता काहीच उपयोग नाही. हा पीच आणि नेक्टरिनवरचा पानमुरड रोग आहे, ताफ्रिना नावाच्या बुरशीचा. तिचे बीजाणू वर्षभर फांद्यांवर आणि डोळ्यांच्या (काडीवरच्या न फुटलेल्या कोंबांच्या) खवल्यांत बसून असतात. फेब्रुवारीत डोळे फुगतात, त्या वेळी गार हवा आणि पाऊस मिळाला की ती कोवळ्या पानात शिरते. आज जे दिसतंय ती लागण तेव्हाच होऊन गेली. पांढरी पूड म्हणजे पुढच्या वर्षासाठी तयार होणारे बीजाणू.

वळलेली पानं आपोआप गळतील. ऊन तापलं की रोग थांबतो आणि मे-जूनमध्ये दुसरी पालवी येते, ती स्वच्छ असते. मात्र ही दुसरी पालवी झाड साठवणीतल्या अन्नावर काढतं, म्हणून यंदा त्याच्यावरचा भार कमी करा आणि पाण्याचा ताण पडू देऊ नका.

खरी फवारणी पानगळीनंतर. पहिली नोव्हेंबरच्या शेवटी, झाड उघडं झालं की. दुसरी जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला, डोळे फुगायच्या आधी. फुगीर डोळ्याची खवलं सुटून हिरवं टोक दिसलं, तर वेळ गेली असं समजा. कॅलिफोर्नियात लाइम सल्फर (चुना-गंधकाचं बुरशीनाशक) घरगुती वापरासाठी मिळत नाही, त्यामुळे तांबंच. बाटलीवर धातुरूप तांब्याची टक्केवारी लिहिलेली असते. जास्त असलेली घ्या, मात्रा लेबलप्रमाणे ठेवा आणि त्यात १ टक्का बागायती तेल मिसळा म्हणजे पावसात टिकतं. प्रत्येक काडी सर्व बाजूंनी भिजून थेंब गळायला हवेत. वरवर शिंपडलं तर शेंड्याकडचे डोळे सुटतात आणि रोग तिथूनच पुन्हा सुरू होतो.

विरळणी

सगळी फळं काढू नका, पण बरीच काढा. फळं लहान राहण्याचं मुख्य कारण घोस हेच आहे. कोय कडक व्हायच्या आत विरळणी झाली तरच उरलेल्या फळांना आकार येतो, आणि बोराएवढी फळं असताना ती वेळ अगदी योग्य असते.

दोन फळांत ६ इंच अंतर ठेवा. यंदा पानं गेली आहेत म्हणून ८ इंच ठेवलेलं बरं. दीड फुटाच्या काडीवर दोन, फार तर तीन फळं. एका हाताने काडी धरून दुसऱ्या हाताने फळ देठाशी पिळून काढा. ओढलंत तर शेजारचं फळही येतं. जुळी फळं दिसली तर एक काढा. सालीवर खवल्यासारखे चंदेरी ओरखडे दिसले तर तेच आधी काढा. ते फुलोऱ्यात शिरलेल्या फुलकिड्यांचे. पीचवरची लव नेक्टरिनला नसते, म्हणून तो ओरखडा फळाबरोबर वाढत जातो. फळांत अंतर असेल तर काढणीच्या सुमारास येणारी तपकिरी कूजही एका फळातून दुसऱ्यात सहज जात नाही. वाळून फांदीला चिकटलेलं जुनं फळ दिसलं तर तोडून कचऱ्यात टाका, झाडाखाली पडू देऊ नका.

झाडाखाली टाकलेल्या फळांचा ढीग पाहून हात आखडतो. तरीही थांबू नका.

फांदी_आणि_खुंट

घोसामागे न झालेली छाटणीही आहे. नेक्टरिनला फळ लागतं ते फक्त गेल्या हंगामात वाढलेल्या, लालसर काडीवर. फळ देऊन झालेल्या भागावर पुन्हा लागत नाही, त्यामुळे छाटलं नाही तर फळ दरवर्षी वर आणि बाहेर सरकत जातं. सफरचंदापेक्षा कितीतरी जोरात छाटावं लागतं: गेल्या वर्षीच्या वाढीतली जवळपास निम्मी. मधला भाग वाटीसारखा मोकळा, चार-पाच मुख्य फांद्या, उंची हाताला पोचेल एवढी, ८ फुटांच्या आत. पेन्सिलीएवढ्या जाड काड्या ठेवा. ठेवलेल्या काडीवर नीट पाहिलं तर एका पेरावर तीन डोळे दिसतील: मधला बारीक, टोकदार तो पानाचा, बाजूचे दोन गुबगुबीत ते फुलांचे. असे पेर भरपूर असलेली काडी मोलाची. जानेवारीच्या अखेरीस, पुढे काही दिवस पाऊस नसेल तेव्हा छाटा आणि मग दुसरी फवारणी करा. औषधही कमी लागतं.

डिंक हा रोग नव्हे, लक्षण आहे. डिंकात लाकडाचा भुसा असेल तर खोडकिडा. दक्षिण किंवा पश्चिम बाजूची साल फाटलेली असेल तर उन्हाचा चटका. साल जराशी खरवडून आत तपकिरी आणि आंबूस वास आला तर जिवाणूंचा कँकर, म्हणजे साल कुजवणारा रोग. ती फांदी निरोगी लाकडापर्यंत उन्हाळ्यात कापा. जमिनीलगत ओलसर काळपट दिसलं तर मूळकूज, आणि चिकण मातीत मला आधी हीच शंका येते. कलमाचा सांधा मातीच्या वर उघडा आहे का ते बघा. आच्छादन बुंध्यापासून ६ इंच दूर सरकवा, ठिबक सिंचन असेल तर त्याच्या तोट्या फांद्यांच्या घेराखाली न्या. पाणी रोज थोडं थोडं देऊ नका. एकदा खोल द्या आणि वरची दोन-तीन इंच माती सुकल्यावरच पुन्हा द्या. बुंध्याला घराच्या आतला पांढरा लेटेक्स रंग समप्रमाणात पाण्यात मिसळून लावला की चटका आणि किडा, दोन्हींपासून बचाव होतो.

पुण्याहून_एक

ही फँटाशिया पुण्यात होईल का? कोय रुजवून चालेल?

फांदी_आणि_खुंट

फँटाशियाला हिवाळ्यात ७ अंशांखालचे साधारण ५०० तास लागतात. पुण्यात पारा दहाच्या खाली गेला तरी पहाटेपुरताच. तेवढ्यावर डोळे जागे होत नाहीत. पालवी तुटक फुटते, फुलं थोडी आणि पुढेमागे येतात, फळ धरत नाही. कमी थंडीच्या जातीही साधारण २००-२५० तास मागतात. कोय रुजते, पण झाडाला थंडी लागतेच, आणि जवळच्या पीचचं परागण झालेलं असेल तर फळ लवेचं निघतं. पुण्यात तेवढ्याच जागेत अंजीर लावा.

विरळणी

काढणीबद्दल एक राहिलं. फँटाशियाचा लाल रंग बराच आधी चढतो, त्यावर जाऊ नका. देठाजवळची हिरवी झाक जाऊन पिवळी झाली की काढा. दोन दिवस घरात बाहेरच ठेवून मऊ होऊ द्या. कच्चं फळ फ्रीजमध्ये गेलं तर गर पिठूळ होतो आणि नंतर कितीही ठेवलं तरी रसाळ होत नाही.