जुन्या घरावर ‘येथे राहत असत’ असे कशाच्या आधारे लिहावे?

अंत्रुजकर

गोव्यातील फोंडा तालुक्यात, आमच्या गावात, देवळाच्या तळीपासून हाकेच्या अंतरावर, चौकाचे एक जुने घर आहे. चिऱ्यांच्या भिंती अजून भक्कम आहेत. मागच्या पडवीची कौले मात्र गेल्या पावसात कोसळली आणि तेव्हापासून घर बंद आहे. गेल्या पिढीतील एक गायिका येथे राहत असत, असे वयस्क मंडळी सांगतात. पण एक आजी त्यांचा जन्मच येथला म्हणतात, तर शेजारचे एक गृहस्थ त्या केवळ चतुर्थीला येत असे सांगतात. फलक लावण्यास मालकांची संमती आहे, परंतु त्यांच्याकडील जुन्या पोर्तुगीज कागदांत या बाईंचे नाव कोठेही आढळत नाही. दगड घडवून तयार आहे, अडला आहे तो मजकूर. ही ऐकीव माहिती खोटी मानावी काय? खरी असल्यास पुरावा कोठे शोधावा?

जुनी कौले

मालकीच्या कागदात नाव नसणे हा वास्तव्याविरुद्धचा पुरावा नव्हे. जमीन भाटकाराची (जमीनमालकाची) किंवा देवस्थानाची आणि तिच्यावरील घरात पिढ्यान्पिढ्या राहणारा मुंडकार, ही आपल्याकडची जुनी रीत. मुंडकारांना घरातून काढले जाण्यापासून संरक्षण देणारा कायदा १९७५ सालचा आहे. त्याआधीचे मालकीचे कागद कितीही चाळले तरी त्यांत भाटकार सापडेल, चूल पेटवणारा सापडेलच असे नाही. देवळात गायनसेवा असलेल्या कलावंत घराण्यांबाबत तर ही शक्यता आधी तपासावी.

म्हणून मालकी बाजूला ठेवून माणसाचा माग काढा. तालुक्याच्या नोंदणी कार्यालयात पोर्तुगीज काळातील जन्मनोंद मिळाली, तर आजींचे म्हणणे पडताळता येईल. जुन्या शाळेचे हजेरीपट, देवस्थानाच्या जमाखर्चाच्या वह्या आणि पणजीच्या पुराभिलेखागारातील गावकरीची (गावाच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या संस्थेची) दप्तरे ही पुढची ठिकाणे. मला स्वतःला सर्वांत विश्वासार्ह वाटतो तो पत्रावरील पत्ता, कारण तो लिहिताना कोणाच्या मनात इतिहास घडवण्याचा हेतू नसतो. मालकांच्या पेटाऱ्यात जुनी पाकिटे किंवा मनीऑर्डरच्या पावत्या आहेत काय, ते आवर्जून पाहा.

सासष्टीकर

जन्म, वास्तव्य आणि वडिलोपार्जित घर या तीन वेगळ्या गोष्टी असून आपले फलक त्यांची सर्रास सरमिसळ करतात. बा. भ. बोरकरांचे आडनाव आणि घर बोरीचे, पण त्यांचा जन्म १९१० साली कुडचड्यात झाला. व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा यांचे नाव लोटलीच्या घराशी कायमचे जोडलेले आहे आणि २०११ साली त्यांचे निधनही तेथेच झाले. जन्म मात्र दमणचा. लोटलीच्या घरावर ‘जन्मस्थान’ लिहिले तर ते चुकीचे होईल, ‘घर’ लिहिले तर पूर्ण खरे.

चांदरच्या ब्रागांझा घरात आणखी एक पेच आहे. बाहेरून तो एकच लांबलचक वाडा दिसतो, पण आत दोन स्वतंत्र घराणी आहेत: पश्चिमेला मिनेझिस ब्रागांझा, पूर्वेला परेरा ब्रागांझा. पत्रकार लुईस द मिनेझिस ब्रागांझा (१८७८–१९३८) हे पश्चिमेकडच्या घराण्यातले, हे न सांगता नुसते ‘या वाड्यात’ म्हटले की पाहुणा निम्मी चुकीची समजूत घेऊन परततो.

कुशावतीकाठ

वरील मुद्द्यात भर घालतो. गायिकांच्या बाबतीत गावाचे नाव हेच आडनाव होत असल्याने, आडनावावरून गाव कळते, घर कळत नाही. केसरबाई केरकर यांचा जन्म १८९२ साली केरीत झाला आणि गावात त्यांच्या नावाचे विद्यालय आहे. तरी कारकीर्द घडली ती मुंबईत. (त्यांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात गेली आणि त्याच वर्षी सप्टेंबरात त्या निवर्तल्या.) मोगूबाई कुर्डीकर यांचे कुर्डी तर साळावली धरणात बुडाले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की सोमेश्वराचे देऊळ आणि घरांची जोती उघडी पडतात, जुने गावकरी तेथे जमतात आणि कोणते जोते कोणाचे ते बोट दाखवून सांगतात. तेथे कागदापेक्षा ते बोटच मोलाचे आहे. म्हणून आपल्या आजींचे आणि शेजाऱ्यांचे कथन तारीख घालून, दोन्ही वेगवेगळे, आजच लिहून घ्यावे.

अंत्रुजकर

आभारी आहे. पेटाऱ्यात मुंबईहून आलेली तीन पाकिटे सापडली असून त्यांवर याच घराचा पत्ता आणि बाईंचे नाव आहे. एका शिक्क्यावरील साल १९६४ असे वाचता येते. नोंदणी कार्यालयात सोमवारी जाणार आहे. तोपर्यंत ‘जन्म’ हा शब्द वगळून ‘या घरी त्यांचे येणेजाणे व वास्तव्य असे’ एवढेच कोरावे, असा विचार आहे.

जुनी कौले

मजकूर योग्य वाटतो. मात्र दगड भिंतीत सिमेंटने बसवू नका. चिरा पाणी पितो आणि सिमेंटमागे ओल कोंडून राहते. अंगणात वृंदावनाच्या बाजूला वेगळा खांब उभारावा, म्हणजे जन्मनोंद मिळाल्यास भिंतीला हात न लावता दगड बदलता येईल.