नैराश्य जितकं तीव्र तितकी सेशन्स जास्त, असं गणित मांडता येतं का?

ओपीडी_समुपदेशक:
पहिल्याच भेटीत पेशंट किंवा घरचे विचारतात, "किती वेळा यावं लागेल?" फी, रजा, प्रवास सगळं त्यावरच ठरतं. पीएचक्यू-९ (नैराश्याची तीव्रता मोजणारी नऊ प्रश्नांची, ० ते २७ गुणांची प्रश्नावली) चा स्कोअर ११ आला तर ८ सेशन्स आणि २१ आला तर १६, असं सरळ सांगावं का? सीबीटी (विचार आणि वागणं बदलण्यावर भर देणारी थेरपी) किंवा बिहेवियरल अ‍ॅक्टिवेशन (रोजच्या कामांकडे हळूहळू परत नेणारी थेरपी) धरून सांगा.

सीबीटीवाला:
ढोबळमानाने हो. ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शिकेत स्कोअर १६ च्या खाली असेल तर वैयक्तिक सीबीटीची साधारण ८ सेशन्स आणि १६ किंवा त्यावर असेल तर साधारण १६ सुचवली आहेत. १९९४ च्या शेफील्डच्या अभ्यासातही जास्त तीव्र नैराश्य असलेल्यांनाच ८ पेक्षा १६ सेशन्सचा ठळक फायदा झाला.

पण बेरीज कुठून आली ते बघा. एकाचे १८ गुण झोप, थकवा, भूक यांवर जास्त चढलेले असतात. तिथे थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ तपासल्याशिवाय सेशन्सचा आकडा देऊ नका. दुसऱ्याचे उदासी आणि अपराधीपणावर असतात. नवव्या प्रश्नाला शून्याहून काहीही वेगळं उत्तर आलं, तर एकूण स्कोअर कितीही असो, आत्महत्येच्या विचारांबद्दल त्याच दिवशी थेट विचारायचं.

गोवा_पीएचसी:
वरच्या हिशोबाला गोव्याचा अपवाद आहे. १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत झालेली, बिहेवियरल अ‍ॅक्टिवेशनवर आधारलेल्या हेल्दी अ‍ॅक्टिव्हिटी प्रोग्रॅमची चाचणी २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली. स्कोअर १४ च्या वर असलेलेच पेशंट घेतले होते, आणि प्रशिक्षण दिलेल्या सामान्य समुपदेशकांनी ३०-४० मिनिटांची फक्त ६ ते ८ सेशन्स घेतली. ३ महिन्यांनी ६४ टक्के लोकांचा स्कोअर १० च्या खाली आला. नेहमीच्या उपचारात ३९ टक्के. म्हणजे तीव्र आहे म्हणून पहिल्याच दिवशी १६ चं ओझं डोक्यावर ठेवू नका. उरलेल्यांना, म्हणजे साधारण तिघांतल्या एकाला, मात्र पुढे लागतंच.

आलेख_बघा:
आपल्या रजिस्टरवरून सरासरी काढणाऱ्यांनी फार जपून. ज्याला बरं वाटतं तो सहाव्या सेशनला थांबतो, म्हणून २० सेशन्सवाले "कमी सुधारलेले" दिसतात. खूप तीव्र असलेले काही जण तर घराबाहेर पडणंच जमत नाही म्हणून दोन-तीन भेटींत गळतात, आणि कागदावर तीव्र नैराश्याची थेरपी "लहान" दिसते.

माझ्या मते सुरुवातीच्या स्कोअरपेक्षा तो किती उतरतोय हे महत्त्वाचं. पीएचक्यू-९ मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारतो, त्यामुळे लागोपाठच्या आठवड्यांचे स्कोअर एकमेकांवर चढतात. खरी तुलना चौथ्या आठवड्यात करा. ५ गुणांची घट नसेल तर तेच पुढे रेटू नका. गृहपाठ होतोय का, दारू आहे का, पूर्वी कधी उन्मादाचा (मॅनिया, म्हणजे अति उत्साहाचा) काळ होता का, घरात मारहाण आहे का, ते आधी विचारा. तीव्र असेल तर पहिले दोन-तीन आठवडे आठवड्यातून दोनदा बोलवा, शेवटची दोन-तीन सेशन्स पंधरा दिवसांच्या अंतराने. स्कोअर ५ च्या खाली आल्याशिवाय फाइल बंद नको. रेंगाळलेली लक्षणं आजार परत आणतात.

ओपीडी_समुपदेशक:
आणि गोळ्या चालू असतील तर? मधेच बरं वाटलं की दोन्ही एकदम सोडतात.

सीबीटीवाला:
तीव्र नैराश्यात दोन्ही सोबत चालावं. थेरपी संपण्याच्या तारखेचा गोळ्यांशी संबंध नाही हे पहिल्याच भेटीत सांगा. बरं वाटल्यावरही निदान ६ महिने गोळ्या चालू ठेवायच्या, आणि कमी करायच्या त्या सायकियाट्रिस्टच्या सल्ल्यानेच. सेशन्सबद्दल घरच्यांना एवढंच सांगा: "आधी ६ वेळा भेटू, मग स्कोअर समोर ठेवून पुढचं ठरवू."