निडल बदलूनही कार्बोरेटरच्या नळीतून पेट्रोल गळते

प्रश्न
माझ्याकडे २००६ सालची १०० सीसीची मोटारसायकल आहे. महिनाभरापासून पेट्रोलचा कॉक उघडला की कार्बोरेटरखालच्या ओव्हरफ्लोच्या नळीतून थेंब थेंब गळती सुरू होते. मिस्त्रींनी कार्बोरेटर खोलून साफ केला, निडलही (आत येणारे पेट्रोल अडवणारी सुई) नवी टाकली, तरी फरक पडलेला नाही. कॉक बंद केल्यावरही पाच-सात मिनिटे टपकत राहते आणि मग थांबते. शिवाय सकाळी कॉक उघडून मिनिटभर थांबल्याशिवाय गाडी सुरू होत नाही, हेही अलीकडचेच. आता नळीच्या तोंडाला बूच मारून टाकावे, असे त्यांचे म्हणणे आहे. तसे करावे का?

पहिले उत्तर
बूच मुळीच मारू नका. निडल अडकली की जास्तीचे पेट्रोल बाहेर सोडण्यासाठीच ती नळी असते; ती बंद केली, तर तेच पेट्रोल इंजिनात शिरून ऑइलमध्ये मिसळते. गाडी पुन्हा सुरू करण्यापूर्वी ऑइलची काडी काढून वास घ्या. पेट्रोलचा वास आला किंवा पातळी वाढलेली दिसली, तर आधी ऑइल बदला.
माझा संशय सीटवर, म्हणजे निडलचे टोक जिथे बसून पेट्रोल अडवते त्या जागेवर आहे. नवी निडल झिजलेल्या किंवा मळलेल्या सीटवर नीट बसत नाही, म्हणून कान साफ करायच्या कापसाच्या काडीने सीट हलक्या हाताने पुसावी. फ्लोट, म्हणजे पेट्रोलवर तरंगून निडल वर-खाली करणारा पोकळ तुकडा, कानाशी धरून हलवून पाहावा. आत पेट्रोल खळखळत असेल, तर तो निकामी झाला असे समजावे. टाकीत गंज असल्यास कॉकची जाळीही तपासावी, नाहीतर पुन्हा कचरा येऊन नव्या निडलचेही तेच होईल.

दुसरे उत्तर
बूच मारू नये, हे अगदी बरोबर. पण दोष निडलचा किंवा सीटचा असेल, असे मला वाटत नाही. तसे असते, तर कॉक बंद करताच वरून येणारे पेट्रोल थांबले असते, कार्बोरेटरच्या तळाशी पेट्रोल साठवणाऱ्या वाटीतली पातळी ओव्हरफ्लोच्या नळीच्या तोंडापर्यंत उतरताच गळती थांबली असती आणि उरलेली वाटी सकाळपर्यंत भरलेली राहिली असती. तुमची वाटी मात्र रात्रीतून रिकामी होते, म्हणूनच सकाळी ती भरेपर्यंत तुम्हाला थांबावे लागते. फ्लोटच्या वाटीत मधोमध किंवा कडेला ओव्हरफ्लोची एक बारीक पितळी नळी उभी असते. तिला बुडाशी उभी चीर गेली, तर पातळी कितीही योग्य असली तरी पेट्रोल त्या चिरेतून खाली उतरते, आणि ही चीर नुसत्या डोळ्यांना सहसा दिसत नाही.
वाटी सोडवून आणा, कोरडी पुसा, पितळी नळीच्या तोंडाच्या जरा खालपर्यंत पेट्रोल भरा आणि कागदावर दोन काड्यांच्या आधाराने उचलून ठेवा. हे काम उघड्यावर, विडी-सिगारेटपासून लांब करा. दहा मिनिटांत कागद ओला झाला आणि ड्रेनचा (वाटी रिकामी करण्याचा) स्क्रू कोरडा असला, तर निदान पक्के.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद
आज करून पाहिले. चौथ्या मिनिटाला कागदावर पहिला डाग पडला, ड्रेनचा स्क्रू कोरडा होता, आणि भिंगातून पाहिल्यावर नळीच्या बुडाशी केसाएवढी चीर दिसली. ऑइलला पेट्रोलचा वास नाही. या नळीला डाग देऊन (सोल्डर करून) चालेल का, की वाटीच नवी घ्यावी?

दुसरे उत्तर देणाऱ्याचा प्रतिसाद
वाटी नवी घ्या. पितळेला डाग देता येतो, पण नळीभोवतीची वाटी फारशी उष्णता न सोसणाऱ्या धातूची असते, आणि एकदा फाटलेली नळी हादऱ्यांनी शेजारी पुन्हा फाटू शकते. घेताना जुनी वाटी सोबत न्या आणि दोन्ही नळ्यांची उंची शेजारी धरून पाहा. नव्या वाटीतली नळी आखूड निघाली, तर निडल चांगली असूनही पेट्रोल वाहत राहील. वाटीचे रबरी गॅस्केटही त्याच वेळी बदला, कारण जुने गॅस्केट फुगलेले असले तर खाचेत नीट बसत नाही.