होरायझन ५ आता उघडावासाच वाटत नाही, अजून कुणाचं असं झालंय का?

सातपूरवाला
नमस्कार मंडळी, नाशिकमधले कोणी फोर्झा होरायझन हा गाड्यांच्या रेसिंगचा गेम खेळणारे असतील तर प्लीज सांगा. होरायझन ४ मी आणि माझ्या मामेभावाने लॉकडाऊनमध्ये एवढा खेळलाय की विचारू नका, तो सिडकोत, मी सातपूरला, गुरुवारी रात्री आठला गेममधला ऋतू बदलायचा तेव्हा दोघं हेडफोन लावून तयार बसायचो. हिवाळा आला की तळं गोठायचं आणि बर्फावरून मधल्या बेटावर गाडी नेता यायची, बाकीचे तीन आठवडे नाही. एवढ्याशा गोष्टीची वाट बघायचो.

मग २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये मेक्सिकोतला ५ आला. विमानातून फोर्डची ब्रॉन्को थेट ज्वालामुखीवर पडते तो सुरुवातीचा सीन बघून अंगावर काटा आला होता, मॅप आधीपेक्षा मोठा, ग्राफिक्सबद्दल तर बोलायलाच नको. पहिले दोन महिने रोज तीन तास, नंतर आठवड्यातून दोनदा, नंतर फक्त नवीन गाडी मिळतेय म्हणून. आता उघडतो, गॅरेजमध्ये चारशेच्या वर गाड्या, कुठली घ्यायची यातच दहा मिनिटं जातात आणि बंद करतो. गेम वाईट आहे असं मला अजिबात म्हणायचं नाहीये, म्हणूनच जास्त चुटपुट लागते. काय करू?

पंचवटीकर
मित्रा, तुला गाडीची भूकच लागू दिली नाही कोणी. आम्ही कॉलेज रोडच्या एका कॅफेत २००५ चा मोस्ट वॉन्टेड हा रेसिंग गेम खेळायचो, त्यात सुरुवातीला ती निळी-चंदेरी बीएमडब्ल्यू एम३ जीटीआर हातात देतात आणि थोड्याच वेळात गेममधला खलनायक रेझर ती घेऊन जातो. मग ब्लॅकलिस्टवरचे, म्हणजे शहरातल्या टॉप रेसर्सच्या यादीतले पंधरा जण, प्रत्येकाला गाठायच्या आधी रेस जिंका, पोलिसांना पळवा, बाउंटी (पोलिसांना छळल्याचे पॉइंट) जमवा, असं करत करत वर जायचं तेव्हा ती गाडी परत मिळते. मला उन्हाळ्याची अख्खी सुट्टी लागली होती आणि तिचा आवाज मी आजही डोळे मिटून ओळखेन. ५ मध्ये व्हीलस्पिन, म्हणजे बक्षिसाचं लकी चाक, फिरवला की सुपरकार दारात. तुझ्या चारशेतल्या किती गाड्यांचा आवाज तुला आठवतो?

द्राक्षबाग
पंचवटीकर दादा, पटतंय पण अर्धंच. व्हीलस्पिन तर ४ मध्येपण होते. मला वाटतं फरक रस्त्याचा आहे. आपला त्र्यंबक रोड मे महिन्यात बघा आणि जुलैमध्ये अंजनेरीचे धबधबे सुरू झाले की बघा, रस्ता तोच पण गाडी वेगळीच चालवावी लागते. ४ मध्ये ब्रिटनचा अख्खा मॅप असा बदलायचा, कालचं वळण आज बर्फात घसरायचं, म्हणून तो रस्ता पाठ झाला तरी जुना झाला नाही. मेक्सिकोत पाऊस आहे, धुळीची वादळं आहेत, पण सगळीकडे बर्फ कुठून येणार, तो देशच तसा नाही. १५ डिसेंबर २०२४ पासून ४ नवीन विकत मिळत नाही पण ज्यांनी घेतलाय त्यांना खेळता येतो, तेव्हा तुमच्याकडे असेल तर डिलीट करू नका हं!

क्लचवाला
भाऊ मी सरळ सेटिंग सांगतो, माझंही असंच झालं होतं. रिवाइंड (चूक झाली की मागे जायची सोय) बंद, कुठून वळायचं ते दाखवणारी रस्त्यावरची ती रेषा बंद, गाडी घसरू न देणारे ट्रॅक्शन कंट्रोल आणि एबीएस बंद, गिअर मॅन्युअल विथ क्लच. रिवाइंड बंद केल्यावर पहिल्यांदा ब्रेकला हात घाबरत जातो, तिथूनच मजा सुरू होते. आणि महिनाभर एकच गाडी. मी फोक्सवॅगनची जुनी बीटल घेतली, तिकडे तिला व्होचो म्हणतात, जगातली शेवटची जुनी बीटल २००३ मध्ये मेक्सिकोतच पुएब्लाच्या कारखान्यातून बाहेर पडली, गेममध्ये व्होचोवर वेगळी स्टोरीपण आहे ती आधी खेळ. व्हीलस्पिन साठू देत, हात लावू नको.

सातपूरवाला
सगळ्यांचे मनापासून आभार. पंचवटीकर दादा, तुमचा प्रश्न वाचून खरंच मोजायला बसलो, सहा गाड्यांचे आवाज आठवले आणि त्यातल्या पाच होरायझन ४ मधल्या निघाल्या. द्राक्षबाग ताई, ४ अजून आहे माझ्याकडे आणि मामेभावाकडेपण, तो आता पुण्याला असतो, काल फोन केला तर म्हणाला गुरुवारी आठला बसू.

तोपर्यंत ५ मध्ये बीटल घेतलीये, सगळं बंद करून. पहिल्या रेसमध्ये बारापैकी अकरावा, दुसरीत नववा. रात्री रेस वगैरे काही न लावता ज्वालामुखीच्या माथ्यावरून खाली गुआनाहुआतो शहरापर्यंत आणली, पूर्ण वेळ इंजिनाकडे कान लावून गिअर टाकत होतो, दोनदा दरीत गेली आणि दोन्ही वेळा माथ्यावरून परत सुरुवात केली.