छोट्या हॉटेलांना ग्रीस ट्रॅपची सक्ती नकोच!

कट-पाव
सांगलीत माझं मिसळीचं हॉटेल आहे, बारा टेबलं. परवा आम्हा हॉटेलवाल्यांच्या बैठकीत एकाने टूम काढली, की दहा टेबलांच्या वरच्या प्रत्येकाने ग्रीस ट्रॅप बसवलाच पाहिजे आणि साफसफाईची वहीही ठेवलीच पाहिजे. मी उभा राहून विरोध केला. इथेही करतो, हाणायचं तर हाणा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: भांडी घासायच्या मोरीचं पाणी गटारात जाण्याआधी एका टाकीत थांबतं. तेल वर तरंगतं, शितं आणि चोथा तळाला बसतो, मधलं पाणी पुढे जातं. बास, एवढंच यंत्र. माझ्याकडे ते आहे. जागामालकाने हट्ट धरला म्हणून तीन वर्षांपूर्वी १८ हजार घालून स्टीलचा डबा बसवला. पहिले दोन महिने उघडला. पुढे उघडणार कोण? पोऱ्या म्हणतो, मालक, पगार कापा पण हे काम सांगू नका. आता डबा मोरीखाली बसून वास मारतोय आणि गटार तुंबायचं ते तुंबतंच. मग सक्ती कसली, डबा विकत घ्यायची? त्यापेक्षा वाडगे पुसून मग घासायला टाका. आम्ही रद्दी कागदाने कट पुसून घेतो, तेवढं तेल मोरीत जातच नाही.

गावभागचा शेजारी
तुमच्या पोऱ्याला वास नको, मग तो आम्ही घ्यायचा होय? आमच्या घरामागे एक हॉटेल आहे, नाव घेत नाही. गेल्या पावसाळ्यात चेंबर उचकटला तर आत पांढरट थर, जुन्या साबणाच्या वडीसारखा. नख लागेना, पहारीने फोडला. पाइपात बोटभर भोक उरलं होतं. त्याआधी आठ दिवस आमच्या न्हाणीत खालून पाणी वर येत होतं आणि त्यावर लाल तवंग. आमच्या घरी कांदा-लसूणसुद्धा बेताचा, हा तवंग कुणाचा?

आणि सक्ती नको म्हणता, पण मर्यादा आधीपासून आहे. १९८६च्या पर्यावरण संरक्षण नियमांखाली सार्वजनिक गटारात सोडायच्या सांडपाण्यात तेल-ग्रीस लिटरला २० मिलिग्रॅमच्या आत हवं. नदीनाल्यात सोडायचं तर १०. तेलाचा एक थेंब याहून जड भरतो. आता तुमच्या एका वाडग्यातली तर्री मोजा. शेरीनाल्यातून कृष्णेला काय जातं हे सांगलीकराला वेगळं सांगायला नको.

कट-पाव
काका, तर्री मोजायला बसलो तर गिऱ्हाईक मोजायला नको! मी घाण करत नाही असं कुठे म्हटलं? पण दिवाळीत चकलीचं उरलेलं तेल घरोघरी मोरीतच जातं. त्यांना कोण ट्रॅप लावायला सांगतंय?

मिरजेची सून
दादा, घरी वर्षातून एकदा कढई, तुमच्याकडे रोज चार. तुलना होत नाही.

इथे दोन तेलांची गल्लत होतेय, ती आधी सोडवू. तळणीचं तेल वेगळं. १ जुलै २०१८ पासून त्यात पोलर घटक (तेल पुन्हा पुन्हा तापवून खराब झालं की वाढतात ते) २५ टक्क्यांच्या वर गेले की ते वापरायचं नाही, असा खाद्यसुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे. ते डब्यात साठवलं तर बायोडिझेलवाले विकत घेतात. ते मोरीत ओतायचंच नसतं. ट्रॅपवरची साय म्हणजे तेल, साबण, खरकटं सगळं एकत्र. ती फुकट दिली तरी ते लोक घेत नाहीत.

माझी मेस आहे आणि मी मोठा शहाणपणा केला होता, तो सांगते. ट्रॅप भरला की वरून उकळतं पाणी ओतायचे. साय विरघळून गायब, डबा लख्ख. मला वाटलं जिंकले. दीड महिन्यात पुढच्या वळणावर पाइप बंद. तेल गेलं नव्हतं, फक्त माझ्या डोळ्यांसमोरून हललं होतं; थंड झाल्यावर गोठलं.

पाना-पक्कड
वीस वर्षं मोऱ्याच उघडतोय म्हणून बोलतो. कट-पावशेठ, तुमचा डबा वाईट नाही, तुम्ही वाईट. एक काठी घ्या. वरची साय आणि तळाचा गाळ मिळून पाण्याच्या खोलीच्या चौथाईवर गेला की काढायचा, वार-तिथी बघायची नाही. मिसळवाल्याचा आठवड्यात भरतो, डोसेवाल्याचा जरा उशिरा.

काढायचा तो सकाळी, मोरी सुरू व्हायच्या आधी. रात्रभरात थंड होऊन साय घट्ट बसते, उलथन्यानं वड्या निघतात. दुपारी गरम पाणी चालू असताना हात घातला तर नुसतं वरण. साय झाली की गाळ, मग मधल्या पडद्या खरवडायच्या. बाहेर जाणाऱ्या पाइपाचं तोंड पाण्यात खाली बुडालेलं असतंय, ते बघायचं. काही जण 'पाणी लवकर जाऊ दे' म्हणून तो तुकडाच काढून टाकतात. मग वरचं तेल सरळ गटारात. असले डबे मी डझनावारी पाहिलेत.

कष्टकरी
सगळं खरं, पण एक राहिलं. डबा ठीक, मोठ्या हॉटेलात जमिनीखाली टाकी असते. ती 'साफ' करायला कोणाला उतरवतात? कुजलेल्या खरकट्यातून हायड्रोजन सल्फाइड होतो. थोडा असला तर सडक्या अंड्याचा वास येतो, जास्त झाला की नाकच मरतं आणि माणसाला वाटतं वास गेला. २०१३च्या कायद्याने गटार आणि सेप्टिक टँकमध्ये साधनांशिवाय माणूस उतरवणं गुन्हा आहे. गटारातल्या मृत्यूला ३० लाख भरपाई, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३मध्ये सांगितलं. तुमच्या सक्तीच्या ठरावात 'टाकी सक्शन मशीननेच उपसायची' ही ओळ आहे का? नसेल तर माझाही विरोध.

गावभागचा शेजारी
ही ओळ पहिलीच असावी, माझं अनुमोदन. पण बारा टेबलवाल्याने तिच्या आडून सुटू नये. त्याच्या डब्यात मांजरही उतरणार नाही.

मिरजेची सून
काढलेली साय टाकायची कुठे, हे कोणी बोलेना. मी वखारीतून लाकडाचा भुसा आणते. त्यात कालवली की ओघळत नाही, मग झाकणाच्या बादलीत भरून ओल्या कचऱ्याच्या गाडीला. गाडीवाल्याशी आधी बोलून ठेवलंय, नाहीतर तो बादली तशीच परत ठेवून जातो. रात्री पिशवी नाल्यात फेकायची असेल तर डबा उघडूच नका.

कट-पाव
आज सोमवार, हॉटेल बंद. पाना-पक्कड यांचं ऐकून काठी घातली. पाण्याची खोली २० इंच. वर ४, खाली ३. चौथाई म्हणजे ५, म्हणजे मी दोन इंच गुन्हेगार. पोऱ्याला नाही सांगितलं, स्वतः काढलं. दीड बादली. बायको म्हणते कपडे बाहेरच ठेवा.

सक्तीला विरोध तरीही आहे. वही ठेवली की ती तपासायला कोणीतरी येणार, आणि येणारा चहावर थांबत नाही. काठी ठेवीन, वही नाही.

गावभागचा शेजारी
वही नसेल तर पुढच्या महिन्यात काठी घातली का नाही हे आम्हाला कळणार कसं? पुन्हा आमच्या न्हाणीतूनच?

पाना-पक्कड
ते राहू द्या. शेठ, साफ केल्यावर आत चांगलं पाणी भरलंत ना? रिकाम्या डब्यात तेल थांबत नाही, पहिल्या भांड्याबरोबर पुढे निघून जातंय.

कट-पाव
थांबा, आलोच.