शब्दचर्चा : चित्रकथेतील पात्राचा ‘निर्माता’, ‘जनक’ की ‘कर्ता’?

टिळकवाडीकर

आमच्या भागातील वाचनालयात मुलांसाठी चित्रकथांचे एक छोटे प्रदर्शन मांडायचे ठरले असून प्रत्येक पात्राच्या चित्राखाली मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत पाटी असणार आहे. इंग्रजी अंकांवर ‘क्रिएटेड बाय’ असे जे छापलेले असते, त्या जागी कन्नड पाट्या लिहिणाऱ्या बाईंनी जराही न अडखळता ‘सृष्टिकर्त’ हा शब्द घातला. मी मराठीत ‘निर्माता’ लिहिले, तेव्हा एका ज्येष्ठ सभासदांनी हरकत घेतली की निर्माता म्हणजे पैसा घालणारा, आणि चित्रकथेच्या धंद्यात पैसा घालणाऱ्यांमुळेच कलावंतांची नावे मागे पडली. त्यांची हरकत मला रास्त वाटते. ‘सृष्टिकर्ता’ हा शब्द मात्र मराठीत आपण ब्रह्मदेवासाठी राखून ठेवला आहे.

दुसरी अडचण अधिक नाजूक आहे. बॅटमॅनच्या श्रेयाची ओळ २०१५ पासून ‘बॉब केन विथ बिल फिंगर’ अशी येऊ लागली. तेथे ‘अँड’ नाही, ‘विथ’ आहे. ‘केन व फिंगर’ लिहावे, तर मूळ ओळीत नसलेली बरोबरी आपण पदरची घालतो. ‘फिंगर यांच्यासह’ लिहावे, तर फिंगर नुसते सोबतीला गेले होते असे वाटते. जाणकारांनी शब्द सुचवावा.

खानापूरकर

ताई, शब्द आपल्या घरातच आहे आणि तो ‘जनक’ होय. विष्णुदास भाव्यांना आपण मराठी रंगभूमीचे जनक म्हणतो; आपल्याच बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरच्या अण्णासाहेब किर्लोस्करांना १८८० च्या ‘शाकुंतला’मुळे संगीत रंगभूमीचे जनक म्हणतो. शिवाय कल्पित पात्राला ‘मानसपुत्र’ म्हणण्याची पद्धत मराठीत चांगली रुळलेली आहे. फास्टर फेणे हा भा. रा. भागवतांचा मानसपुत्र, हे शाळकरी मुलालाही सांगावे लागत नाही. पुत्र म्हटल्यावर जनक ओघानेच आला, आणि त्याला इंग्रजीचा टेकू लागत नाही.

निपाणीकर

खानापूरकर सर, आपला शब्द सुंदर आहे, पण नेमक्या याच कामाला तो निरुपयोगी आहे, कारण जनक एकच असतो आणि चित्रकथेतले पात्र बहुधा एकट्याचे नसते. बॅटमॅनचेच पाहा. केन यांनी पहिले चित्र आणले त्यात तांबडा घट्ट पोशाख, डोळ्यांपुरता लहानसा मुखवटा आणि पाठीला ताठ पंख होते. फिंगर यांनी कान असलेला पूर्ण मुखवटा सुचवला, पंखांच्या जागी पाठीवर मोकळे सुटणारे वस्त्र सुचवले, हातमोजे आणि करडा रंग सुचवला, आणि मे १९३९ च्या ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या २७व्या अंकातील पहिली कथाही त्यांनीच लिहिली. आज आपण ज्याला सावलीवरूनही ओळखतो तो फिंगर यांनी घडवला, आणि तरी १९७४ साली ते वारले तेव्हा श्रेयाच्या ओळीत एकट्या केन यांचे नाव होते. अशा ठिकाणी ‘जनक : बॉब केन’ ही पाटी मुलांसमोर लावणे मला अन्यायाचे वाटते.

आपल्या बोलण्यात यासाठी ‘काढणे’ हे क्रियापद आहे. शाळा काढतात, मासिक काढतात आणि चित्रही काढतात. ‘वेताळ कुणी काढला?’ या प्रश्नात कल्पना आणि रेषा दोन्ही सामावतात. इंद्रजाल कॉमिक्सच्या अंकांतून भेटणाऱ्या त्या वेताळाची, म्हणजे इंग्रजीतल्या फँटमची, कल्पना १९३६ साली ली फॉक यांची आणि सुरुवातीच्या वर्षांतली चित्रे रे मूर यांची होती. दोघांनाही हे एकच क्रियापद पुरते.

खानापूरकर

बोलताना पुरते, पाटीवर पुरत नाही. ‘काढणारे’ असे लिहिले की वाचक चित्र काढणारे एवढाच अर्थ घेईल आणि लेखक बाहेर राहील.

शहापूरकर

मी वकिली करतो, म्हणून ‘कर्ता’ या शब्दाविषयी आधीच सावध करतो. ग्रंथकर्ता या अर्थाने तो निर्मळ आहे. परंतु कोर्टात कर्ता म्हटले की एकत्र हिंदू कुटुंबाचा कारभार पाहणारा पुरुष डोळ्यांसमोर येतो, आणि त्याने मिळकत निर्माण केलेली असतेच असे नाही.

खरा घोळ शब्दाआधी कायद्यात आहे. अमेरिकेत मोबदला देऊन नोकरीत करवून घेतलेल्या कामाची ‘लेखक’ कायद्याने ती कंपनीच ठरते. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात नोकरीत केलेल्या कामाचा पहिला मालक सामान्यतः नोकरी देणाराच असतो, पण कलम ५७ प्रमाणे हक्क विकल्यानंतरही ‘हे काम माझे आहे’ असे म्हणण्याचा अधिकार लेखकाकडे राहतो. मालकी वेगळी आणि कर्तृत्व वेगळे, हा भेद मला फार मोलाचा वाटतो. सुपरमॅनचे लेखक सीगल आणि चित्रकार शुस्टर यांनी १९३८ साली त्याचे हक्क १३० डॉलरना दिले आणि श्रेयाच्या ओळीत त्यांची नावे परत येण्यासाठी १९७५ साल अखेरीस आले. हक्क गेले म्हणून कर्तृत्व गेले नव्हते. तेव्हा शब्द कोणताही घ्या, मालकीची छटा असलेला घेऊ नका. ‘निर्माता’ त्याच कारणाने गळावा.

येळ्ळूरकर

आमच्या पिढीतील मुले सर्रास ‘क्रिएटर’ म्हणतात, आणि पाटी मुलांसाठी असेल तर तोच देवनागरीत लिहावा असे मी आग्रहाने म्हणतो. टेबल, पेन, कॉलेज चालते, तर क्रिएटर का नको?

शिवाय आपण सारे पहिल्या दिवसाचाच विचार करत आहोत. एक्स-मेन या चित्रकथांतल्या, हातांतून नख्या काढणाऱ्या व्हॉल्व्हरिनची पाटी लिहून दाखवा. संपादक रॉय थॉमस यांनी या नावाचा एक कॅनडाचा नायक हवा म्हणून सांगितले, लेन वीन यांनी तो लिहिला, जॉन रोमिटा यांनी पोशाख आखला आणि १९७४ साली हल्कच्या अंकात हर्ब ट्रिम्पी यांनी तो कथेत चितारला. वीन यांच्या मनात नख्या हातमोज्यांत होत्या. १९७६ साली क्रिस क्लेरमॉन्ट लिहीत असताना त्या त्याच्या शरीराचाच भाग निघाल्या, आणि मुखवट्यामागचा चेहराही चित्रकार डेव्ह कॉक्रम यांनी तेव्हाच दाखवला. माझ्या मनातला व्हॉल्व्हरिन हा या नंतरच्या मंडळींचा आहे. २०२४ च्या चित्रपटाच्या वेळी थॉमस यांचे नाव श्रेयात जोडले गेले, तेव्हा वीन आणि रोमिटा दोघेही हयात नव्हते, आणि वीन यांच्या पत्नीने उघड विरोध केला.

निपाणीकर

‘क्रिएटर’ने प्रश्न सुटत नाही, फक्त इंग्रजीतला घोळ जसाच्या तसा आपल्या लिपीत येतो.

गोकाककर

माझी मातृभाषा कन्नड, शिक्षण मराठीतून. आमच्याकडचे ‘श्रीकृष्ण पारिजात’ हे लोकनाट्य आपणांपैकी अनेकांनी पाहिले असेल. त्याची मूळ रचना अपराळ तम्मण्णांची मानतात आणि त्याला आजचे रूप देण्याचे श्रेय कुलगोड तम्मण्णांना देतात. गावात नाव घेताना दोघांचेही घेतात, पण कुणी काय केले ते सांगून घेतात. कन्नडमधील ‘सृष्टिकर्त’ या शब्दात ही सोय नाही, म्हणून आमच्या भाषेत प्रश्न मिटला आहे असे कृपया समजू नये. तो झाकला गेला आहे.

टिळकवाडीकर

गोकाककरांचे म्हणणे मला सर्वांत जवळचे वाटते. ‘चिंटू’ १९९१ साली ‘सकाळ’मध्ये सुरू झाला तेव्हापासून चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर ही नावे आपण एका दमात घेत आलो आणि कोणत्याही पदवीवाचून आपले अडले नाही. इंद्रजालमधल्याच ‘बहादूर’ या नायकाच्या बाबतीत मात्र असे होत नाही. १९७६ साली आबिद सुरती यांनी तो लिहिला म्हणून त्यांचे नाव सर्वांच्या तोंडी आहे. गोविंद ब्राह्मणिया यांनी त्याला चेहरा दिला, त्यांचे नाव सांगावे लागते, आणि पुढे तो लिहिणारे जगजित उप्पल जवळजवळ कुणालाच आठवत नाहीत.

शब्द जपून का निवडायचा, याचे एक उदाहरण देते. स्पायडरमॅनच्या बाबतीत लेखक स्टॅन ली यांनी १९९९ साली जाहीर पत्र लिहून कळवले की चित्रकार स्टीव्ह डिटको यांना आपण नेहमीच सहनिर्माते मानत आलो आहोत. डिटको यांनी त्यातील ‘मानत’ या अर्थाच्या शब्दावरच बोट ठेवले, कारण मानणे म्हणजे मान्य करणे नव्हे. आपल्या मराठीतही ‘मी त्यांना मानतो’ आणि ‘ते आहेतच’ यांत केवढे अंतर आहे!

म्हणून पाटीवर पदवी न घालता ‘मूळ कल्पना’, ‘पहिली कथा’, ‘पहिली चित्रे’ आणि ‘पुढील घडण’ अशा ओळी लिहाव्यात असे मनात आहे. केन आणि फिंगर यांच्यातील ‘सह’चा प्रश्नही त्यामुळे उरणार नाही.

खानापूरकर

ही पाटी नव्हे, पंचनामा झाला. शिवाय ‘पुढील घडण’ कुठे थांबवणार? १९७५ च्या एक्स-मेन विशेषांकाच्या मुखपृष्ठावर गिल केन या दुसऱ्या चित्रकाराने व्हॉल्व्हरिनच्या मुखवट्याच्या दोन्ही बाजू नजरचुकीने उंच आणि टोकदार काढल्या आणि तोच आकार कायम झाला. चुकीलाही श्रेय द्यायचे काय?

येळ्ळूरकर

अवश्य द्यावे. मुले वहीवर व्हॉल्व्हरिन काढतात तेव्हा आधी तीच दोन टोके काढतात.

निपाणीकर

मला ते पटत नाही. कॉक्रम यांना तो आकार आवडला आणि त्यांनी तो आतील पानांवर जाणीवपूर्वक चालू ठेवला. श्रेय द्यायचे तर निवडणाऱ्याला द्यावे, आणि निवडणाऱ्यासाठी मराठीत कोणता शब्द आहे ते शहापूरकरांनी सांगावे.

शहापूरकर

‘संपादक’ म्हणालो, तर रॉय थॉमस यांचा दावा पुन्हा उभा राहतो.