सल्ला हवा: मुलांच्या अद्भुत साहसकथेत आधी जग रचावं की गोष्ट?

कोरा कागद: नऊ ते बारा वयाच्या मुलांसाठी कादंबरी लिहितोय. अकरा वर्षांची मुलगी कोरड्या विहिरीत उतरते आणि सुट्या सावल्यांच्या मुलखात पोचते. वही भरलीय: दोन चंद्रांचं पंचांग, सात राजांची वंशावळ, सावल्यांची लिपी. गोष्ट मात्र विहिरीच्या काठावरच अडलीय. भाच्याला पहिलं प्रकरण वाचून दाखवलं, तर तिसऱ्या राजालाच त्यानं जांभई दिली. काय करू?

निळी शाई: वंशावळ फाडू नका, पण गोष्टीतही आणू नका. ती मुलगी विहिरीत उतरते कशाला, ते तुम्ही सांगितलंच नाहीत! तिचीच सावली आत पडली असेल तर? मग पहिल्याच पानावर उतरणं भाग आहे.

आणि जादूला आधी कुंपण घाला. सावलीला काय जमत नाही? दिवा विझला की ती जाते कुठे? परत मिळवायला काय गमवावं लागतं? हे ठरलं की अडचणी आपोआप सुचतात. नाहीतर शेवटी कुठलातरी मंत्र म्हणून सगळं निस्तरावं लागतं, आणि मुलं ती लबाडी बरोबर पकडतात.

घुबड: मी नकाशावाला. स्टीव्हन्सनची 'ट्रेझर आयलंड' १८८१ साली सुट्टीत सावत्र मुलासोबत रंगवलेल्या बेटाच्या नकाशातून निघाली. पुढे तो नकाशा प्रकाशकाकडे पाठवताना हरवला, तेव्हा पुस्तकातला एकेक उल्लेख जुळवत नवा काढावा लागला. नकाशावर नावांपेक्षा अंतरं लिहा, तीही चालायच्या दिवसांत.

निळी शाई: घुबड, यांना नकाशा नका देऊ हो, त्यातच महिना घालवतील.

मधली सुट्टी: मोठ्यांचा बंदोबस्त केलात का? आई सोबत आली तर साहस संपलं. पण म्हणून तिला मारूही नका, अनाथ नायक फार झाले. तिला सावली दिसतच नाही, एवढं पुरे.

भाच्याला सोडू नका. 'द हॉबिट'चं हस्तलिखित प्रकाशकानं आपल्या दहा वर्षांच्या मुलाला वाचायला दिलं होतं. त्यानं पसंत केलं, वर पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना आवडेल असा शेराही मारला! मोठ्यानं वाचा, आणि भाचा मध्येच काय विचारतो ते टिपून ठेवा. 'छान आहे' म्हणाला तर काही उपयोग नाही.

कोरा कागद: राजे गेले. सावली पडली, मुलगी मागोमाग. भाच्यानं लगेच विचारलं, "विहिरीच्या तळाशी ऊन कुठून येतं? उन्हाशिवाय सावली कशी?" निरुत्तर झालो.

घुबड: सूर्य नेमका डोक्यावर आला तरच तळाशी ऊन पोचतं. कर्कवृत्त आणि मकरवृत्ताच्या मधल्या भागात हे वर्षातून दोनदाच घडतं.

कोरा कागद: म्हणजे परतीची वाट वर्षातून दोनदाच उघडते! थांबा, ते पंचांग पुन्हा बाहेर काढतो.